नाशिकच्या वस्त्यांमधलं राहणीमान : मोजायचं कसं, सुधारायचं कसं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वस्त्यांची मोजणी करणाऱ्या आमच्याकडे वर्षभर प्रश्न येत राहतात. मार्चमध्ये समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे, पावसाळ्याच्या तोंडावर वस्तीतल्या मंडळांच्या पोरांचे, आणि दिवाळीच्या आसपास 'आम्हाला काहीतरी मदत करायची आहे' म्हणणाऱ्यांचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. झोपडपट्टी नेमकी कशाला म्हणायचं? पत्र्याची घरं दिसली की झोपडपट्टी?

नाही. स्लॅबची दुमजली घरं असलेली झोपडपट्टीही असते आणि पत्र्याच्या छपराची, पण रीतसर प्लॉटवरची कॉलनीही असते. व्याख्या कोण करतो त्यावर उत्तर बदलतं. जनगणनेच्या हिशेबात किमान ३०० लोकवस्तीची किंवा साधारण ६०-७० कुटुंबांची, दाटीची, पाण्या-संडासाची नीट सोय नसलेली सलग वस्ती मोजली जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीला २० कुटुंबं पुरतात. म्हणजे नाल्याकाठची ३० घरांची वाडी एका खात्याच्या आकड्यात असते, दुसऱ्याच्या आकड्यात नसते. संयुक्त राष्ट्रांची मोजणी मात्र वस्तीची नाही, घराची आहे. कुठल्या घरात काय कमी आहे ते ती पाहते (प्र. ३). आम्हाला ती जास्त पटते.

राहता राहिला शब्द. झोपडपट्टी हा कायद्याचा शब्द आहे. तिथे राहणारे 'आमची वस्ती', 'आमची वाडी' म्हणतात. फॉर्मवर झोपडपट्टी लिहा, बोलताना वस्ती म्हणा.

२. 'घोषित' आणि 'अघोषित' यात फरक काय पडतो? आमच्या वाडीला तर सगळे झोपडपट्टीच म्हणतात.

लोक काय म्हणतात त्याने फरक पडत नाही, राजपत्राने पडतो. महाराष्ट्रात १९७१ चा झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायदा आहे. त्याच्या कलम ४ खाली सक्षम प्राधिकारी राजपत्रात प्रसिद्ध करून एखादं क्षेत्र 'झोपडपट्टी क्षेत्र' म्हणून घोषित करतो. ते झालं की नळ, गटार, संडास, फरसबंदी, पथदिवे, इतकंच काय दवाखाना-बालवाडीची जागा, हे सगळं त्या कायद्यातलं 'सुधारणेचं काम' ठरतं आणि त्यासाठी निधी मागायला पक्का आधार मिळतो. घोषणेविरुद्ध ३० दिवसांत अपीलही करता येतं. जागामालक बहुधा तेच करतात.

अघोषित वस्तीत काम होतच नाही असं नाही. होतं, पण नगरसेवकाच्या मर्जीवर आणि निवडणुकीच्या सालावर. म्हणून आमचा पहिला सल्ला असतो तो कंटाळवाणा: आपली वस्ती कुठल्या यादीत आहे ते महापालिकेच्या विभागीय कार्यालयात माहिती अधिकारात लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.

३. राहणीमान मोजायचं म्हणजे काय काय मोजायचं? आमच्याकडे ८० प्रश्नांचा फॉर्म आहे.

तो ठेवून द्या. पन्नासाव्या प्रश्नाला चुलीवरचं दूध उतू जातं आणि पुढची उत्तरं खोटी येतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहत विभागाचे पाच निकष पाया म्हणून पुरेसे आहेत: पिण्याजोगं पाणी, संडास, पुरेशी जागा, टिकाऊ बांधकाम आणि 'उद्या कोणी उठवणार नाही' ही खात्री. यातलं एखादं जरी नसलं तरी ते घर वंचित धरतात. आम्ही त्यात तीन जोडतो: पावसाळ्यात घरात पाणी शिरतं का, उन्हाळ्यात दुपारी घरात बसवतं का, आणि रात्री संडासला जाताना बाईला सोबत लागते का.

खरी मेख प्रश्नाच्या शब्दांत आहे. 'नळ आहे का?' असं विचारलं की 'आहे' येतं आणि काम संपतं. 'आज पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, तुमच्या वाट्याला किती हंडे आले?' असं विचारलं की वस्ती बोलायला लागते.

४. प्रत्येक गल्लीत नळ आहे, तरी पाणी कमी म्हणता. हे कसं?

हंड्याने हिशेब करू. धरून चालू की ३० घरांत एक नळ आहे, दीड तास पाणी येतं आणि धार मिनिटाला १० लिटरची आहे. दीड तासात ९०० लिटर झाले, म्हणजे १५ लिटरचे ६० हंडे. घरटी दोन हंडे. पाच माणसांच्या घरात माणशी ६ लिटर.

आता निकष पाहा. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. सार्वजनिक नळावर अवलंबून असणाऱ्यांसाठी किमान ४० लिटर. छावणीत, आपत्तीच्या काळातसुद्धा जगभर १५ लिटर धरतात. आपल्या हिशेबातली वस्ती त्याच्याही निम्म्याखाली आहे, आणि महापालिकेच्या कागदावर मात्र 'पाणीपुरवठा : आहे'.

वेळही मोजा. जाऊन, रांगेत थांबून, हंडा घेऊन परत यायला ३० मिनिटांहून जास्त लागत असतील तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या संयुक्त मोजणीत ती मूलभूत सोय धरली जात नाही. घड्याळ लावून तीन दिवस नोंद केली तरी पुरे. एक दिवस शनिवार असू द्या, कारण आपल्याकडे पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी बऱ्याचदा शनिवारीच पाणी बंद असतं.

५. पाणी पिण्यासारखं आहे का हे घरच्या घरी कसं कळेल?

डोळ्याने कळत नाही. गंगापूर धरणाचं शुद्ध केलेलं पाणी टाकीतून चांगलंच निघतं. घोटाळा शेवटच्या शंभर फुटांत होतो, जिथे प्लास्टिकची नळी गटारातून नेलेली असते. नळ बंद झाला की नळीत पोकळी होते आणि ती गटाराचं पाणी ओढून घेते. म्हणून पहिला हंडा पिण्याला घेऊ नका.

ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिन या द्रावणाने क्लोरीन तपासणं) सोपी आहे. नळाच्या ताज्या पाण्यात त्याचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. रंग आलाच नाही तर वॉर्डातल्या आरोग्यसेविकेला सांगा आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा. फक्त रांजणातलं पाणी तपासू नका. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

६. सार्वजनिक संडासात किती सीट असायला हव्यात?

स्वच्छ भारत अभियानाचा निकष: ३५ पुरुषांमागे एक, २५ बायकांमागे एक. ४५० पुरुष आणि ४५० बायकांच्या वस्तीला १३ आणि १८, मिळून ३१ सीट.

पण सीट मोजताना आत जाऊन पाहा. कडी नाही, दिवा नाही, भांडं तुंबलेलं, दारच नाही: अशी सीट मोजायची नाही. फलकावर '२० सीट' असतात आणि सकाळी सहाला वापरता येण्याजोग्या ११ निघतात, हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता फलकाचा फोटो आणि दारांचा फोटो शेजारी शेजारी चिकटवतो. अर्जाबरोबर तेवढंच पुरतं.

७. घरात संडास बांधायला अनुदान मिळतं. मग लोक बांधत का नाहीत? सवय नाही म्हणून?

सवयीचं कारण बंगल्यात बसून सुचतं. १० बाय १२ च्या घरात चार फूट संडासाला दिले तर चूल कुठे मांडायची? आणि मैला जाणार कुठे? गल्लीत भुयारी गटार नसेल तर शोषखड्डा लागतो, त्याला जागा नाही. म्हणून अनुदानाचा फॉर्म भरण्याआधी गल्लीतल्या गटाराची पातळी मोजायची. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सने 'एक घर एक संडास' हे काम याच क्रमाने केलं: आधी घराघराचा नकाशा, गटारलाइन कुठून जाते त्याची नोंद, मग बांधकाम. भाडेकरूंची अडचण वेगळी (प्र. ११).

८. एका खोलीत सहा माणसं राहतात. ही दाटी कशी नोंदवायची? माळा खोली धरायचा का?

एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं झोपत असतील तर दाटी. उभं राहता येत नसेल असा पोटमाळा खोली नाही, कितीही माणसं त्यावर झोपोत. टेप लावून क्षेत्रफळही लिहा: १२० चौरस फुटांत सहा म्हणजे माणशी २० चौरस फूट, एका सतरंजीएवढी जागा.

त्याच टेपने खिडकी मोजा. दारं सोडून उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ, हवामानाप्रमाणे, जमिनीच्या किमान दहाव्या ते सहाव्या हिश्श्याइतकं असावं असा बांधकामाचा सर्वसाधारण नियम आहे. वस्तीत तीन भिंती शेजाऱ्याच्या असतात, त्यामुळे दार हीच खिडकी. क्षयरोग अशा खोल्यांत घरभर फिरतो. मे महिन्यात पत्र्याखाली बसून पाहा. पत्र्याला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला तर आतली उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरते. स्वस्त आणि एका रविवारात होणारं हे एकच काम आम्हाला माहीत आहे.

९. सर्व्हे कोणी आणि कधी करावा?

वस्तीतल्याच बायका-पोरांनी. बाहेरच्यांनी फार तर बेरीज तपासावी. १९८५ मध्ये मुंबईत 'स्पार्क' संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्यांची मोजणी केली, तेव्हापासून आपल्याकडे ही रीत रुळली आहे. लोकांनी स्वतः मोजलं की आकड्यावर वाद घालायलाही तेच उभे राहतात.

वेळ चुकली की मोजणी फसते. सकाळी अकराला गेलात तर घरं बंद. गडी सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीला, बायका गंगापूर रोड-कॉलेज रोडवर धुण्याभांड्याला. आम्ही संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी जातो. वर्षातून दोनदा मोजा: मेमध्ये पाणी आणि उष्णता, जुलैमध्ये चिखल आणि गळती. फक्त जानेवारीत मोजलेली वस्ती कागदावर फार सुखी दिसते.

दारांवर गेरूने नंबर टाका. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. एका दारामागे तीन चुली असतील तर ३९-अ, ब, क.

१०. सर्व्हे झाला की झोपड्या पाडतात असं लोक म्हणतात. त्यात आता कुंभमेळा. आम्ही माहिती का द्यावी?

भीती खोटी नाही, त्यामुळे 'घाबरू नका' असं आम्ही सांगत नाही. ज्याला सर्व्हे म्हणतात तो कोणाचा आहे ते आधी विचारा: कोणत्या कार्यालयाचा आदेश, कशासाठी, पोच देणार का. आमच्यासारख्यांनी मोजलं तर आधार नंबर, बँक खातं घ्यायचं नाही; राहणीमान मोजायला ते लागत नाही. भरलेल्या नोंदीची एक प्रत वस्तीत राहते.

पाडण्याबाबत: १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि रीतसर कार्यपद्धतीशिवाय, नोटीस दिल्याशिवाय उठवता येणार नाही असं सांगितलं. अतिक्रमण कायम राहू द्या असं मात्र त्या निकालात नाही. हा अर्धा भाग वस्तीतल्या सभांमध्ये वगळला जातो. म्हणूनच तुमची स्वतःची, तारखेची, घरटी नोंद असणं कामाचं. २०२७ च्या सिंहस्थाची कामं असोत की रस्तारुंदी, 'इथे इतकी घरं नव्हतीच' या वाक्याला उत्तर त्या वहीत असतं.

११. भाडेकरूला मोजायचं का? घरमालक म्हणतो, नाव लिहू नका.

मोजायचंच. माळ्यावर भाड्याने राहणारं परप्रांतीय किंवा खानदेशातलं जोडपं कुठल्याच यादीत येत नाही, कारण घरमालकाला वाटतं की उद्या हा हक्क सांगेल. तोडगा असा की राहणीमानाची नोंद आणि मालकीची नोंद वेगळ्या वह्यांत करा. पहिल्या वहीत चूल, माणसं, पाणी, संडास. नाव नसलं तरी चालतं. भाडेकरू वगळले तर सीटची आणि हंड्यांची सगळी गणितं (प्र. ४, ६) चुकतात.

१२. लाइटबिल आहे, म्हणजे घर माझ्या नावावर झालं ना?

नाही. वीज कायदा २००३ प्रमाणे जागेच्या मालकालाच नाही तर तिथे राहणाऱ्यालाही अर्ज केल्यावर जोडणी मिळू शकते. म्हणून बिल हा तुम्ही राहत असल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे.

पण तोच पुरावा तारखेसाठी सोन्यासारखा आहे. राज्यात झोपडीधारकाला संरक्षण मिळण्यासाठी १ जानेवारी २००० ही तारीख पाहतात. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. जुनी बिलं, मतदार यादीतलं नाव, मुलांचे शाळेचे दाखले, जुनं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर, पत्र्यापासून लांब ठेवा. पुरात आधी कागद भिजतात.

१३. आमची वस्ती कालव्याच्या जागेवर आहे. महापालिका म्हणते आमची जागा नाही, कालव्याचे साहेब म्हणतात सोयी देणं आमचं काम नाही.

कॅनॉल रोड, रेल्वेची हद्द, खाजगी मळे, सगळीकडे हेच ऐकू येतं. जमीन कोणाची आणि पाणी कोणी द्यायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वस्ती बेकायदा आहे एवढ्याच कारणाने पाणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या खटल्यात म्हटलं. अर्जात या निकालाचा उल्लेख करा आणि फक्त पाणी मागा. त्याच अर्जात नावावर जागा मागितलीत तर फाइल दुसऱ्या टेबलावर जाते आणि पाणीही तिच्याबरोबर जातं.

१४. आम्ही पूररेषेच्या आत आहोत. तिथे काहीच करता येत नाही का?

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम नाही. आणि खरं सांगायचं तर ते मागूही नये. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर नाशिककरांना गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं त्यावरून आठवतात. पण गोदावरीला धरणाच्या विसर्गाची सूचना तरी मिळते. नासर्डी आणि वाघाडी या छोट्या नद्यांकाठी ती नसते, शहरातच ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की तासाभरात पाणी घरात.

तिथे करता येतं ते असं: मागच्या पुराची पातळी प्रत्येक भिंतीवर रंगवणं, उंच ओट्यावर नळ, फिरते संडास, नाल्यातला कचरा मेमध्ये काढणं, आणि म्हाताऱ्या-अपंग माणसांच्या घरांची यादी आसऱ्याला उघडायच्या शाळेच्या चावीसकट तयार ठेवणं. बाकी उत्तर पुनर्वसनाचं (प्र. १७).

१५. काझीच्या गढीवरची घरं आणि जुन्या नाशकातले पडके वाडे यात धरायचे का?

वस्तीची व्याख्या लावली तर वाडा बसत नाही. घराची लावली तर कित्येक वाडे बसतात. सहा भाडेकरू, एक सामाईक संडास, टेकू दिलेली माडी. टिकाऊ बांधकामाच्या निकषावर तो वाडा नव्या पत्र्याच्या खोलीपेक्षा धोक्याचा. फक्त उपाय वेगळा, कारण मालक-भाडेकरूंचे दावे कोर्टात पडलेले असतात. गढीचं दुखणं आणखी निराळं: घर धड असलं तरी खालची मातीची टेकडीच पावसाने ढासळते. दरवर्षी नोटिसा लागतात, लोक आठ दिवस शाळेत जातात आणि परत येतात. तिथे 'घर पक्कं आहे का' हा प्रश्न विचारून उपयोग नाही. कड्यापासून घर किती फुटांवर आहे ते दरवर्षी मोजा.

१६. पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर मोकळ्या मैदानात पालं टाकतात. ती झोपडपट्टी का?

कुठल्याच व्याख्येत नाही, आणि म्हणून कुठल्याच आकड्यात नाही. दिवाळीनंतर येतात, द्राक्षाचा आणि बांधकामाचा हंगाम संपला की जातात. त्यांच्यासाठी यादी हवी ती माणसांची नाही, जागांची: कुठल्या मैदानात दरवर्षी पालं पडतात, तिथून जवळचा नळ आणि संडास किती अंतरावर.

१७. आहे तिथेच सुधारणा बरी, की घरकुलात हलवणं?

यावर आमच्यातच भांडणं होतात. आहे तिथे सुधारणा ही जुनी वाट, १९७२ च्या केंद्राच्या योजनेपासूनची: फरशी, नळ, दिवा. मग २००५ मध्ये जेएनएनयूआरएम (केंद्राचं शहर नूतनीकरण अभियान) आलं आणि चुंचाळे, नीलगिरी बाग अशा ठिकाणी साधारण २५ चौरस मीटरची घरकुलं उभी राहिली. २०१५ पासून पंतप्रधान आवास योजना. तिच्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख. पण 'स्वतःची जागा' हा शब्द वस्तीतल्या बहुतेकांना तिथेच बाहेर काढतो.

घरकुलाचं माप भिंतींनी घेऊ नका, दिवसाने घ्या. अंबडला कामाला असणाऱ्याला चुंचाळे सोयीचं. मल्हारखाणीत राहून गंगापूर रोडवर चार घरची कामं करणाऱ्या बाईचं मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर एखादं काम सुटतं, जाण्यायेण्याचं भाडं वाढतं, आणि दुपारी पोरांना जेवायला वाढायला घरी येता येत नाही. त्यात पाण्याच्या मोटरची वर्गणी. म्हणून हलवण्याआधी घरटी चार आकडे लिहून घ्या: कामावर जायला लागणारा वेळ, प्रवासखर्च, शाळेचं अंतर, महिन्याची एकूण कमाई. वर्षाने तेच पुन्हा.

माझं मत विचाराल तर पूररेषेच्या आत आणि ढासळत्या कड्यावर असाल तर हलवा, तेही दोन-तीन किलोमीटरच्या आत. बाकी ठिकाणी आधी गटार आणि पाणी द्या. घर लोक हप्त्याहप्त्याने स्वतः बांधतात, गटार कोणाला एकट्याने बांधता येत नाही.

१८. आमच्या ग्रुपकडे थोडे पैसे आहेत. शंभर घरांच्या वस्तीत एकच काम करायचं तर कोणतं?

ब्लँकेटं नकोत. संडासाच्या दारांना कड्या आणि दिवे. मग पत्र्याला रंग (प्र. ८).

१९. सुधारणा झाली हे कधी म्हणायचं? उद्घाटन झालं, फोटो आले.

उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी, त्याच महिन्यात नाही. त्याच दारांवर, त्याच नंबरांनी, तेच प्रश्न: किती हंडे, किती वाजता, किती सीट चालू. एक काळजी घ्या. वस्ती सुधारली की भाडी वाढतात आणि जुने भाडेकरू निघून जातात. मग आकडा सुधारलेला दिसतो, पण माणसं बदललेली असतात. म्हणून ३९-अ, ब, क अजून तिथेच आहेत का ते आधी पाहा, आणि नसतील तर शेजारणीला विचारा कुठे गेले. तिला बहुतेक वेळा माहीत असतं.